गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार कसे काय झाले?

शेकापसारखा (शेतकरी कामगार पक्ष) छोटा पक्ष, मतदारसंघ एकच सांगोला (सोलापूर जिल्हा), तरी ११ वेळा?? आबा (म्हणजे गणपतरावच) कधी पडलेच नाहीत का? आणि एवढ्या वर्षांत मंत्रिपद मिळालं की नाही?

माणदेशी: पडले की. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९७२ ला पडले, मग पोटनिवडणुकीत परत विधानसभेत. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी पाडलं तेही दोनशेच्या आतल्या मतांनी (हो तेच, काय झाडी काय डोंगार वाले), आणि १९९९ ला आबा पुन्हा हजर. शेवटचा विजय २०१४ चा. मंत्री दोनदाच, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात अन् १९९९ ला विलासरावांच्या सरकारात, बाकी सगळा जन्म विरोधी बाकावर गेला म्हणा ना.

जुना_वाचक: एसटीने फिरणारा आमदार म्हणून सगळे कौतुक करतात, पण माझ्या मते खरं कारण पाणी. दुष्काळी तालुका, टेंभू म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी यावं म्हणून माणूस वर्षानुवर्षं भांडत राहिला, वर सूतगिरणी उभी केली, मग लोक पक्ष कशाला बघतील. नुसत्या साधेपणावर एवढ्या निवडणुका निघत नाहीत हो.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! आता तिथे कोण आहे?

माणदेशी: आबा २०२१ ला गेले. २०१९ ला नातू अनिकेत थोडक्यात पडला, २०२४ ला दुसरा नातू बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आला. घराणेशाही म्हणायची तर म्हणा 😄