लष्करी उठावानंतर लोकशाहीची लढाई पुन्हा उभी करायची तर आधी काय: निवडणूक, असहकार की बंदूक?

मांडवीकर

रत्नागिरीला ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, परका नाही. इंग्रजांनी 1885 साली मंडालेच्या थिबा राजाला गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. रत्नागिरीत जन्मलेले टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. थिबा राजवाडा बघायला आलेल्या पाहुण्यांना आपण हे सगळं सांगतो, पण आज त्या देशात काय चाललंय यावर इथे कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

नोव्हेंबर 2020 च्या निवडणुकीत आँग सान स्यू की यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने 476 पैकी 396 जागा जिंकल्या. लष्कराच्या पाठिंब्यावरच्या पक्षाला 33 मिळाल्या. 1 फेब्रुवारी 2021 ला नवी संसद बसायची होती. त्याच पहाटे अटका झाल्या. मतदारयाद्यांत घोळ असल्याचं कारण पुढे करून 2008 च्या घटनेतलं कलम 417 लावलं गेलं आणि सत्ता सेनापती मिन आँग लाइंग यांच्याकडे गेली. जिंकलेला पक्ष 2023 मध्ये नोंदणी केली नाही म्हणून विसर्जित झाला आणि 28 डिसेंबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने नवी 'निवडणूक' घेतली गेली.

माझं मत असं: या निवडणुकीवरचा बहिष्कार योग्यच होता, पण बहिष्काराने लढाई पुढे सरकत नाही. राजवट ज्या टेकूंवर उभी आहे ते काढावे लागतात. उठावाच्या पहिल्या आठवड्यात लोकांनी नेमकं तेच केलं. 3 फेब्रुवारीला डॉक्टर आणि परिचारिकांनी काम थांबवलं, मागोमाग रेल्वे, बँका, शिक्षक, वीजखातं बाहेर आलं. बँका बंद पडल्यावर रोकड आटली, व्यापाऱ्याला आयातीचे पैसे भरता येईनात. लोकांनी वीजबिल भरणं सोडलं, सरकारी लॉटरी घेणं सोडलं, लष्कराच्या कंपन्यांची बिअर आणि सिमकार्डं टाकून दिली. असा असहकार झटपट झाला तर उठाव कोसळतो. बर्लिनमध्ये मार्च 1920 चा वोल्फगांग काप यांचा उठाव चार दिवसांत संपला, कारण सार्वत्रिक संप झाला, सरकारी अधिकाऱ्यांनी हुकूम पाळले नाहीत आणि मध्यवर्ती बँकेने काप यांना पैसे काढू दिले नाहीत. म्यानमारमध्ये असहकार महिनोन्महिने लांबला आणि तिथे घोडं अडलं. का अडलं आणि पुन्हा उभं कसं करायचं, यावर बोलू या.

राजापूर गंगा

बहिष्कार योग्यच होता हे मला मान्य नाही. हुकूमशहाची निवडणूक खोटी असते हे खरं, तरी ती एकच वेळ अशी असते की त्याला लोकांना रांगेत उभं करावंच लागतं.

चिलीचं उदाहरण घ्या. पिनोशे यांचा उठाव सप्टेंबर 1973 चा. 1988 च्या सार्वमताचे नियम त्यांचेच, घटना त्यांचीच, आणि प्रश्न एकच: मी पुढे राहू का, हो की नाही? विरोधकांत वर्षभर वाद झाला की यात उतरणं म्हणजे त्यांच्या घटनेला मान्यता देणं. शेवटी उतरायचं ठरलं, आणि कामाला लागले ते असे: आधी मतदारनोंदणी, कारण नोंदणीच नसेल तर राग पेटीत उतरत नाही. मग कायद्यात बसेल असा पक्ष नोंदवला, कारण पक्ष असेल तरच मतदान केंद्रावर प्रतिनिधी बसवता येतो. वीस हजारांहून जास्त मतदान टेबलं होती. प्रतिनिधींनी जागेवरचे आकडे उतरवून घेतले आणि स्वतःची समांतर मोजणी केली. 5 ऑक्टोबरच्या रात्री सरकार आकडे दाबून बसलं, पण विरोधकांकडे स्वतःचे आकडे तयार होते. हवाई दलाचे प्रमुख माथेई यांनी राजवाड्यात शिरतानाच 'नाही' जिंकल्याचं पत्रकारांना सांगून टाकलं. 'नाही'ला 56 टक्के मतं पडली.

आपल्याकडे 1977 लाही तेच झालं. निवडणूक जाहीर झाली 18 जानेवारीला, जनता पक्ष उभा राहिला 23 जानेवारीला. पक्षाची स्वतःची नोंदणी नव्हती म्हणून भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढले. मधू दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते; सुटून आले आणि याच राजापूर मतदारसंघातून निवडून गेले. पाच दिवसांत पक्ष उभा राहतो तो तुरुंगात आधी बोलणी झालेली असतात म्हणून. त्या वेळी 'ही निवडणूक खोटी आहे' म्हणून घरी बसले असते तर?

मांडवीकर

दंडवत्यांचं उदाहरण इथे लागू पडत नाही. 1977 मध्ये लष्कर बराकीत होतं, निवडणूक आयोग जागेवर होता, मतमोजणीला बसणारे तेच शिक्षक आणि तलाठी होते. राज्ययंत्र वाकलं होतं, पण हातातून गेलं नव्हतं.

म्यानमारमध्ये काय होतं ते बघा. 330 पैकी साठच्या वर तालुक्यांत मतदान झालंच नाही. जुलै 2025 च्या कायद्याने निवडणुकीत अडथळा आणणाऱ्यालाच काय, तिच्यावर टीका करणाऱ्यालाही किमान 3 वर्षांची कैद. जिंकलेला पक्ष कायद्याने अस्तित्वातच नाही. आणि समजा चमत्कार होऊन सगळ्या जागा जिंकल्या, तरी संसदेतल्या 25 टक्के जागा गणवेशातल्या लोकांना राखीव आणि घटनादुरुस्तीला 75 टक्क्यांहून जास्त मतं हवीत. म्हणजे नकाराधिकार कायमचा त्यांचा. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खातीही सेनापतीच्या माणसांकडे. चिलीत निदान 'नाही'ला जागा होती. म्यानमारच्या नव्या मतदानयंत्रावर तर मत कोरं सोडायचीही सोय नव्हती.

राजापूर गंगा

नकाराधिकार 2015 लाही होता. त्याच घटनेखाली स्यू की यांचा पक्ष निवडून आला आणि पाच वर्षं वर्तमानपत्रं, मोबाइल, शाळा खुल्या राहिल्या. 2021 ला रस्त्यावर उतरलेली पिढी त्या पाच वर्षांत वाढली. अर्ध्या दाराने आत गेल्याचा हा फायदा तुम्ही मोजतच नाही.

बांदा नाका

त्या पाच वर्षांची किंमत कोणी मोजली तेही लिहा. 2017 मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात हाकलले गेले आणि डिसेंबर 2019 ला स्यू की हेगच्या न्यायालयात त्याच लष्कराच्या बाजूने उभ्या राहिल्या. सव्वा वर्षाने त्याच लष्कराने त्यांना उचललं. उठावानंतर लष्करविरोधकांनी काढलेल्या राष्ट्रीय ऐक्य सरकारने जून 2021 मध्ये रोहिंग्यांचे हक्क मान्य केले. ते आधी झालं असतं तर सीमेवरच्या जमातींचा विश्वास इतका उशिरा आणि इतका महाग मिळवावा लागला नसता.

आता मूळ प्रश्न. आम्ही गोव्याच्या सीमेवरचे लोक. पोर्तुगालची राजवटही उठावातूनच आली होती, 28 मे 1926 च्या. तिच्यासमोर सत्याग्रह करून पाहिला. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला आणि इतर नाक्यांवर निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या, वीसहून जास्त जण गेले. मधू लिमये यांना 12 वर्षांची शिक्षा ठोठावली. मग भारताने नाकेबंदी केली. तरी गोवा सुटला डिसेंबर 1961 मध्ये, सैन्य आत गेल्यावर, दोन दिवसांत. ज्या राजवटीला गोळी घालताना लाज वाटत नाही तिच्यापुढे संप आणि थाळीनाद पुरत नाहीत.

म्यानमारच्या तरुणांनी मे 2021 मध्ये लोकसंरक्षण दल काढलं ते याच अनुभवातून. 27 ऑक्टोबर 2023 ला तीन वांशिक सेनांनी शान राज्यात एकदम हल्ला केला. लष्कराने कित्येक वर्षांत गमावलं नव्हतं तेवढं काही महिन्यांत गमावलं. ऑगस्ट 2024 मध्ये लाशिओचं विभागीय मुख्यालय पडलं, डिसेंबरात राखाइनमधलं आन पडलं. एखादं मुख्यालय असं हातचं जाणं हे त्या लष्कराच्या इतिहासात आधी कधी झालं नव्हतं.

मालवण दांडी

सगळा खरा. पण संपकऱ्याच्या घरात चूल कशी पेटतली ह्या कोणीच सांगूक नाय. ता आधी सांगा, मग निवडणूक नि बंदूक.

मांडवीकर

दांडीवाल्यांनी मर्मावर बोट ठेवलं. असहकार तिथेच फसला. कारण सांगतो.

सरकारी नोकर संपावर गेला की पगार बंद होतो, पण त्याआधी घर जातं, कारण तो सरकारी वसाहतीत राहतो. 10 मार्च 2021 ला यांगूनमधल्या रेल्वे वसाहतीत पोलीस शिरले आणि संपकरी कुटुंबांना बिऱ्हाड टाकून पळावं लागलं. म्हणजे संपाच्या पहिल्या दिवशी पगाराआधी निवाऱ्याची सोय हवी. कोणत्या घरी कोण उतरेल हे नेमून ठेवायला हवं.

दुसरं, मदतीचे पैसे मोबाइल वॉलेटवरून जात होते. सोपं होतं, म्हणून सगळे त्यावर गेले. मग खाती गोठवली गेली, आणि एका पकडलेल्या फोनमध्ये देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची पूर्ण यादी सापडू लागली. हे टाळायचं तर यादी एका जागी ठेवायचीच नाही. एका माणसाला पाच-सहा घरांपलीकडे माहिती नको. बाहेरचा पैसा हुंडीने येतो आणि गावात तो तांदूळ, तेल, औषध होऊनच पोचायला हवा, कारण तांदळाच्या पोत्यावर खातेक्रमांक नसतो. राष्ट्रीय ऐक्य सरकारने बिनव्याजी रोखे आणि लॉटरीही काढली. परदेशातल्या लोकांनी ते हौसेने घेतले. पण त्या पैशावर शस्त्रांचाही हक्क होता, आणि शिक्षकाच्या डाळ-तांदळाचा नंबर मागे गेला. ही निवड माझ्या मते चुकली.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. सगळ्यांनी सगळं बंद करायचं नसतं. दवाखाना आणि शाळा बंद राहिल्या तर सोसतं जनता, सेनापतीच्या मुलाला खासगी डॉक्टर असतोच. जकात, कर, वीजबिल, बँकेचं परकीय चलन खातं, मालगाडी यांचा संप राजवटीला लागतो. म्हणून थोडक्या नाक्यांवरचा संप लांबवायचा आणि त्या माणसांना पूर्ण पोसायचं. डॉक्टरांनी काम करायचं, पण सरकारी इमारतीबाहेर. म्यानमारच्या डॉक्टरांनी पुढे गावोगाव तसं केलंही, पण सुरुवातीला नव्हे.

देवगड कातळ

बांदा नाक्यांनी गोव्याच्या नाकेबंदीचा उल्लेख केला, पण ती का फसली ते राहिलं. 1955 नंतर भारताने रेल्वे, माल, पैसा सगळं तोडलं. त्याच वर्षांत मुरगावातून लोहखनिज जपान आणि जर्मनीला जात राहिलं, उलट वाढलं. नाकेबंदीला एक भोक राहिलं की बाकीचं विणकाम फुकट. जाळ्याचंही तसंच असतं.

म्यानमारचं भोक म्हणजे नैसर्गिक वायू. समुद्रातला वायू नळाने थायलंड आणि चीनला जातो, डॉलर सरकारी तेल-वायू कंपनीत येतात. टोटलएनर्जीज आणि शेव्हरॉन या तेल कंपन्यांनी जानेवारी 2022 मध्ये बाहेर पडायचं जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात युरोपीय संघाने त्या सरकारी कंपनीवर निर्बंध घातले. अमेरिकेने तिच्या आर्थिक सेवांवर हात घातला तो ऑक्टोबर 2023 मध्ये, तोही अर्धवट. पावणेतीन वर्षं पैसा येत होता. विमानाच्या इंधनाचंही तेच. पुरवठादारांवर निर्बंध आले तर टँकर मधल्या व्यापाऱ्याच्या टाकीत माल उतरवून पुढे जातो. हे रोखायचं तर टँकरच्या विम्यावर आणि जहाजाच्या मालकावर निर्बंध हवेत. विमा नसलेलं जहाज चांगल्या बंदरात कोणी घेत नाही.

हे मी बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठीच लिहितोय. 11 एप्रिल 2023 ला सगाइंगमधल्या पाझीजी गावावर विमानातून बॉम्ब पडले, दीडशेच्या वर माणसं मेली. लोकसंरक्षण दलाकडे विमानाला उत्तर नाही. लाशिओ जिंकलं, पण चीनने सीमेवरची दारं लावली, दबाव आणला आणि एप्रिल 2025 मध्ये ते शहर लष्कराला परत द्यावं लागलं. वर्षभराच्या लढाईचं फळ शेजाऱ्याच्या दटावणीने गेलं.

बांदा नाका

लाशिओ परत गेलं हे खरं, पण राखाइनमधले 17 पैकी 14 तालुके परत गेलेले नाहीत. तिथे कर, न्याय, शाळा अराकान आर्मी ही तिथली वांशिक सेना चालवते. भारताने कलादान प्रकल्पात बांधलेलं सित्वे बंदरही त्याच राज्यात आहे. दिल्लीने कोणाशी बोलायचं ते ठरवायची वेळ आलेली आहे.

राजापूर गंगा

आणि त्याच अराकान आर्मीच्या भागात रोहिंग्यांचं काय होतंय, तेही विचारा. बंदुकीने मुक्त केलेला भाग आपोआप लोकशाही होत नाही. मार्च 2021 ची लष्करविरोधकांची संघराज्य सनद कागदावर चांगली आहे, पण तिच्याखाली निवडून आलेली तालुका समिती किती ठिकाणी आहे? कर गोळा करणाराच बंदूक बाळगणारा असेल तर नागरिकाने दाद कुठे मागायची? मला निवडणूक हवी ती यासाठी. लष्कराची नको असेल तर मुक्त भागात स्वतःची घ्या, गावपातळीवर, आज.

मांडवीकर

हे मान्य. पूर्ण मान्य. गावपातळीवरची निवडणूक हा टेकू उभा करणारा मुद्दा माझ्याकडून राहिला होता.

हर्णे बंदर

दक्षिण कोरियाचं कोणी काढलं नाही. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री अध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला. संसदेच्या कर्मचाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या रचून दारं अडवली, अग्निशामक नळकांडी सैनिकांवर मारली, खासदार कुंपणावरून चढून आत गेले. रात्री एकच्या सुमारास 300 पैकी 190 हजर होते आणि 190-0 ने ठराव झाला. पहाटे कायदा मागे. 4 एप्रिल 2025 ला घटना न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून काढलं. तिथे घटनेत लिहिलंय की संसदेच्या बहुमताने मागितलं तर लष्करी कायदा उठवलाच पाहिजे. आपल्याकडे 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' घातलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला आणि कलम 20 व 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरवलं. म्यानमारची नवी घटना होईल तेव्हा ही कलमं आधी लिहावीत.

बांदा नाका

घटना लिहायला आधी लष्कर फुटायला हवं. पोर्तुगालची राजवट शेवटी 25 एप्रिल 1974 ला तिच्याच कॅप्टनांनी पाडली, आफ्रिकेतल्या तेरा वर्षांच्या युद्धाला कंटाळून. एवढ्यापुरतं मांडवीकरांचं टेकूचं म्हणणं मला पटतं: शिपाई हा शेवटचा टेकू.

म्यानमारचा शिपाई फुटत का नाही? त्याची बायको-पोरं बराकीतच राहतात, तो पळाला की ती ओलीस. म्हणून पळण्याचा क्रम उलटा लागतो: आधी कुटुंब आजारपणाचं किंवा लग्नाचं कारण काढून बाहेर, मग शिपाई. बाहेर आल्यावर त्याला लढायला लावू नये. राहायला जागा, नवं नाव आणि घरखर्च मिळाला तर दुसरा येतो. फेब्रुवारी 2024 पासून सक्तीची भरती लागू आहे, पुरुष 18 ते 35. ही पोरं अजून बराकीत रुजलेली नाहीत, त्यांची घरं गावातच आहेत. प्रशिक्षणाच्या तळावरून पुढच्या ठाण्यावर नेताना, पहिल्या काही आठवड्यांतच, त्यांना सोडवता येतं. नंतर कठीण.