मँझनारच्या फोटोतल्या बेसबॉल खेळाडूंना अंदाजाने नावं द्यावीत का?

जुनी_पानं:
छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्सने १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मँझनारला, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना डांबलेल्या छावणीत, काढलेला बेसबॉल सामन्याचा फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. खेळाडू, कडेने प्रेक्षक, मागे बराकी. त्याच मालिकेतल्या अनेक व्यक्तिचित्रांखाली नावं आहेत, इथे एकही नाही. हल्ली चेहरे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने अशा फोटोंना नावं द्यायचं चाललंय. मला ते मान्य नाही. जागा जरूर ओळखा, पण माणसाचं नाव पुराव्याशिवाय लिहू नका.

रानवाटा:
ठाम असहमत. फेब्रुवारी १९४२ च्या सरकारी आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरातून उठवून अशा छावण्यांत टाकलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. दर कुटुंबाला एक नंबर, त्याचं लेबल सामानाला आणि अंगावरच्या कोटाला. अशा माणसांना आजही 'अनोळखी खेळाडू' म्हणायचं? 'बहुधा अमुक' असं लिहा की. चूक असेल तर घरचे सांगतील.

जुनी_पानं:
तो 'बहुधा' पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळतो आणि नाव तेवढं उरतं. मग खरा खेळाडू कायमचा पुसला जातो, कारण ती जागा भरली असं सगळे धरून चालतात.

बे_एरियाकर:
जागेचं सांगतो, मी तिथे जाऊन आलोय. पश्चिमेला सिएरा नेवाडा, दातेरी कडे, अंगावर आल्यासारखे. पूर्वेला इनयो रांग, बुटकी आणि उघडीबोडकी. मागे कुठली रांग आहे ते बघितलं की कॅमेऱ्याचं तोंड कळतं. राहत्या बराकींचे ३६ ब्लॉक होते, मधे आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे, आणि खेळ तिथेच व्हायचे. पण वाळवंट आणि बराकी दिसल्या की सरसकट मँझनार लिहू नका. अ‍ॅरिझोनातल्या हिला रिव्हर छावणीतही मैदान होतं, बेसबॉलपटू केनिची झेनिमुरांनी लोकांना हाताशी धरून उभं केलेलं. शिवाय मँझनारमध्ये अ‍ॅडम्सला काटेरी कुंपण आणि पहाऱ्याचे मनोरे टिपायला मनाई होती, त्यामुळे त्या खुणा शोधत बसू नका.

जुनी_पानं:
नावांनाही हीच शिस्त हवी. छावणीचं 'मँझनार फ्री प्रेस' हे वर्तमानपत्र सामन्यांच्या बातम्या छापायचं, त्याचे अंक ऑनलाइन आहेत. संघ आणि खेळाडू तिथे शोधा, छावणीच्या नोंदवहीशी ताडा, मग कुटुंबाला विचारा. एवढं जुळलं तर मीच नाव लिहीन.

रानवाटा:
क्रम उलटा लावा. १९४३ मध्ये विशीत असलेला खेळाडू आज शंभरी ओलांडलेला असणार. कडेला उभं राहून सामना बघणारी दहा वर्षांची पोरंही आता नव्वदीपार आहेत. वर्तमानपत्राचे अंक कुठे जात नाहीत. फोटो आधी त्या म्हाताऱ्यांसमोर ठेवा, ते सांगतील ती नावं टिपून घ्या, ताळा नंतर घाला.