वाळूत सपाट पसरलेलं करडं झुडूप: हे काय आहे? घरी लावता येईल का?

चँडलरची_मुग्धा
नमस्कार मंडळी. आई भारतातून आलीय म्हणून मागच्या शनिवारी अ‍ॅरिझोनातल्या यूमाच्या पुढे, कॅलिफोर्नियात, अल्गोडोनेसच्या वाळूच्या टेकड्या बघायला गेलो होतो. सगळीकडे वाळूत पळवायच्या मोटार-बग्ग्यांची घरघर, पण आई मात्र एका झुडपापाशी बसली ती उठेचना. झुडूप वितभर उंचही नाही, पण पसारा चांगला परातीएवढा. फांद्या पांढुरक्या, जिथे फुटते तिथे दोन-दोन. पान नखाएवढं, करडं, आणि त्यावर खोल घड्या, अगदी कुणी निऱ्या घालून ठेवाव्यात तशा. पानांवर वाळूचे कण चिकटलेले. मध्ये दोन-तीन जांभळट निळी फुलं, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. आई म्हणते, "एवढ्या उन्हात जगतंय, तर तुझ्या अंगणातही जगेल. एक काडी आणायला हवी होती." आता तिचा परत जाऊन आणायचा आग्रह चाललाय. कुणाला माहितीये का हे?

रानवाट_ट्यूसॉन
मुग्धा, आईंना माझा नमस्कार सांग. वाळूच्या टेकड्यांवर येऊन त्या झुडपाकडे बघणारी माणसं फार कमी.

हे टिक्विलिया. बोराजिनेसी कुळातलं, म्हणजे आपल्या भोकराच्या गोतातलं. साधारण २७-२८ जाती आहेत, सगळ्या अमेरिका खंडांतल्या: काही इकडे उत्तरेच्या वाळवंटांत, काही थेट पेरू-चिलीच्या किनारी वाळवंटांत, चार गॅलापागोस बेटांवर. मधल्या दमट प्रदेशात नाहीत. तुझं बहुतेक टिक्विलिया प्लिकाटा. फोटो मोठा करून पानाच्या शिरा मोज. चार ते सात जोड्या खोल गेलेल्या असतील तर प्लिकाटा, दोन-तीनच असतील तर पामेरी. दोन्ही त्या भागात आहेत. करडा रंग म्हणजे दाट लव. ती ऊन परतवते आणि पानातलं पाणी राखते.

आता काडीचं. कृपा करून आणू नका. सरकारी जमिनीवरून परवानगीशिवाय झाड काढायला मनाई आहे, हे एक. शिवाय त्याचं लाकडी मूळ वाळूत खोल जातं, उपटलं की तुटतंच. पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण जमिनीखाली आहे.

ह्या झुडपाच्या मुळांवर आणखी एक वनस्पती जगते, फोलिस्मा सोनोरी. इथले लोक तिला सँड फूड म्हणतात. हरितद्रव्य अजिबात नाही, सगळं अन्न यजमानाच्या मुळातून घ्यायचं. देठ मांसल, वाळूच्या आत दीड मीटर किंवा त्याहूनही लांब. वर्षभर वर काही दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये वाळूच्या पृष्ठभागावर फक्त एक करडी लवदार चकती येते आणि तिच्यावर जांभळी फुलं गोल उमलतात. टिक्विलियाच्या ह्या दोन्ही जाती तिला मूळ पुरवतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आता यजमान आणि पाहुणी दोघींना एकाच कुळात धरतात, म्हणजे हे घरातल्या घरातच चाललंय!

वाळूत राहणारे हिया चेड ओओधाम लोक हे देठ खणून काढत, कच्चे खात किंवा निखाऱ्यावर भाजत. १८५४ साली सर्वेक्षणासाठी आलेल्या अँड्र्यू ग्रेला ते चाखायला मिळालं, तेव्हा त्याला रताळ्याची चव आठवली. आज ती दुर्मिळ आहे. बग्गीचं चाक टिक्विलियावरून गेलं की वरचं झुडूप चिरडतं आणि खालच्या पाहुणीचा आधारही जातो. म्हणून त्या करड्या पसाऱ्याच्या बाजूने चाला, एवढीच विनंती आहे.

गुरुजी_सोलापूर
निवृत्त शिक्षक आहे, वनस्पतिशास्त्र शिकवायचो. मुग्धाताई, ह्याची चुलत बहीण आपल्याकडेही आहे: त्रिपक्षी, कोल्डेनिया प्रोकुंबेन्स. तळ्याचं पाणी आटलं की भेगाळलेल्या गाळावर अशीच जमिनीला चिकटून पसरते, पानं अशीच सुरकुतलेली, फूल पांढरं आणि अगदी बारीक. पूर्वी तुमची अमेरिकन झुडपंही कोल्डेनियातच धरत. १९७०च्या दशकात रिचर्डसन ह्यांनी टिक्विलिया पुन्हा वेगळं काढलं. आपला दातरंग वृक्षही टिक्विलियाच्याच उपकुळातला. माहेरी परतल्यावर आईंनी मे महिन्यात एखाद्या आटलेल्या पाझर तलावाच्या काठी जरूर बघावं.

सागरवेडा
गॅलापागोसला बार्तोलोमे बेटावर पाहिलंय हे. ज्वालामुखीच्या राखेचा उघडा उतार, त्यावर दुसरं जवळपास काही नाही, फक्त टिक्विलियाचे राखाडी ठिपके. माथ्यापर्यंत लाकडी जिना केलाय, पायांनी राख घसरू नये म्हणून. वाटाड्या जिन्याखाली पाऊल ठेवू देत नव्हता. तेव्हा जाच वाटला होता, पण ती झुडपं त्यामुळेच शाबूत आहेत.

चँडलरची_मुग्धा
रानवाट, शिरा मोजल्या, पाच जोड्या! प्लिकाटाच मग. आईला सगळं वाचून दाखवलं. काडीचा विषय तिनेच मिटवला, पण भाजलेल्या देठाचं ऐकून "अगं, मग उपासाला चाललं असतं" म्हणाली. तिला ती जांभळी चकती बघायचीच आहे. मे अखेरपर्यंत आहे इथे. कुठे जाऊ? आणि अंगणात त्याऐवजी काय लावू?

रानवाट_ट्यूसॉन
ग्लॅमिसजवळ ७८ नंबरच्या रस्त्याच्या उत्तरेला नॉर्थ अल्गोडोनेसचं राखीव रान आहे, १९९४ पासून. तिथे गाड्यांना बंदी आहे. एप्रिलच्या शेवटी जा, उजाडताच चालायला लागा, नऊ-साडेनऊला परत फिरा. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. टिक्विलिया दिसलं की त्याच्या आसपासची मोकळी वाळू न्याहाळा, चकती झुडपापासून थोडी दूरही उगवते. दिसली तर खणू नका, फक्त फोटो काढा.

अंगणासाठी नर्सरीत कॉर्डिया पार्विफोलिया माग. हेही वाळवंटातलंच झुडूप, भोकराच्याच गणातलं, पांढऱ्या चुरगळलेल्या कागदासारख्या फुलांचं. पहिला उन्हाळा नियमित पाणी दे, मग ते फारसं मागत नाही. निचरा मात्र चांगला हवा, चँडलरची माती चिकट असते. खड्डा रुंद घे आणि रोप जरा उंचावर लाव.