रात्रीचे जेवण दिवस मावळण्याच्या आत: आपापले अनुभव लिहावेत

कृष्णाकाठ, सांगली

गेल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वीज गेली आणि ती लवकर येण्याची चिन्हे दिसेनात, म्हणून उरलेल्या उजेडात आम्ही जेवून घेतले. पाने घेताना मला गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्याची आठवण आली. शेजारी एक जैन कुटुंब राहत असे आणि आम्ही मुले अंगणात खेळत असताना त्या घरच्या काकू "दिवस बुडायला आला, जेवायला चला" अशी हाक मारून आपल्या मुलांना आत नेत. दिव्याभोवती जमणारे कीटक अन्नात पडून जीवहत्या होऊ नये, हे त्यामागचे कारण त्यांनीच मला समजावून सांगितले होते. आमच्या घरी मात्र दुकान बंद करून वडील आल्याशिवाय पान वाढले जात नसे. लग्नानंतरही साडेदहा हीच माझी जेवणाची वेळ राहिली.

मागच्या वर्षी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत माझी साखर ११२ आली. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था, असे सांगून डॉक्टरांनी पहिला प्रश्न रात्रीच्या जेवणाच्या वेळेबद्दल विचारला. सकाळच्या मानाने रात्री शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. आता मी सात वाजता जेवते. चार महिन्यांनी हाच आकडा ९८ झाला, परंतु त्याच काळात मी रोज सकाळी आमराईत चालू लागले होते, त्यामुळे सारे श्रेय जेवणाच्या वेळेला देणे मला योग्य वाटत नाही. आडवे होताच छातीत होणारी जळजळ मात्र पहिल्या पंधरवड्यातच थांबली. ज्यांना हे जमले नाही, त्यांनीही अवश्य लिहावे.

दहिवडीची सून

ताई, लवकर जेवणे अवघड नाही, दोनदा स्वयंपाक करणे अवघड आहे. आमच्याकडे सासू-सासरे सात वाजता जेवतात आणि यजमान साडेनऊला घरी येतात. बाजरीची भाकरी तव्यावरून ताटात आली तरच गोड लागते, दोन तासांनी ती कडक होते, म्हणून दोन वर्षे मी रात्री दोन वेळा परातीत पीठ मळले आणि सर्वांचे झाल्यावर दहा वाजता स्वतः जेवले. लवकर जेवण्याचे फायदे सगळे सांगतात, पण वाढणारी केव्हा जेवते हे कोणी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. यजमान आता दुपारचा डबा भरपूर नेतात आणि रात्री सर्वांसाठी हुलग्याचे माडगे असते. मीही सासूबाईंबरोबर सातलाच जेवायला बसते.

ऊसकरी, वाळवा तालुका

शेतीपंपाची वीज आम्हाला पाळीने मिळते. ज्या आठवड्यात ती रात्री असते, त्या आठवड्यात दहा वाजता मोटर सुरू करून पहाटेपर्यंत उसाला पाणी फिरवावे लागते. मी महिनाभर साडेसातला जेवून पाहिले, पण रात्री दोनच्या सुमारास बांधावर पोटात कालवाकालव होऊन हातपाय गळून जात. आता सोबत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवतो. दिवसपाळीच्या आठवड्यात लवकर जेवतो आणि झोप खरोखर चांगली लागते.

मिरज

मी जैन कुटुंबातला आहे, त्यामुळे वरच्या आठवणीने फार बरे वाटले. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या आसपास, म्हणजे आमच्या जेवणाची वेळ वर्षभर सरकत असते. हिवाळ्यात शाळेतून आल्याबरोबर ताटावर बसावे लागे. पुण्यात शिकत असताना खानावळ साडेसातला उघडत असे. चार वर्षे मी चातुर्मासात संध्याकाळी केळी आणि दूध यांवर राहिलो. धर्म म्हणून पाळलेली गोष्ट प्रकृतीलाही मानवली, परंतु आईचा नेम व्रताचा होता, साखरेच्या आकड्याचा नव्हता, हेही नोंदवावेसे वाटते.

कराडहून

एक काळजीची गोष्ट लिहिते. माझे वडील मधुमेहाची गोळी घेतात. त्यांनी कोणालाही न विचारता साडेसहाला जेवायला सुरुवात केली, परंतु गोळी मात्र पूर्वीप्रमाणे नऊलाच घेत राहिले. तिसऱ्या रात्री त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळू लागले. घरच्या यंत्रावर साखर ५८ आली. ७० च्या खाली गेलेली साखर धोक्याची, हे ठाऊक असल्याने आईने लगेच साखरेचे पाणी पाजले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले आणि आकडा वर आल्यावर थोडा दूधभात दिला. ते शुद्धीवर होते, म्हणून पाजता आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीची वेळ आणि मात्रा दोन्ही बदलली. ज्यांच्या घरी गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवणाची वेळ बदलण्यापूर्वी कृपया विचारून घ्यावे.

कृष्णाकाठ, सांगली

हे मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. मला गोळी चालू नव्हती, म्हणून लक्षात आले नाही. वडिलांची प्रकृती आता कशी आहे?

कराडहून

आता उत्तम आहेत. सात वाजता जेवतात आणि गोळी जेवणाआधी आईच्या हातून घेतात.

सातारा, शाहूपुरी

दहिवडीच्या ताई, माडगे कसे करता ते लिहाल का? माझी आजी करीत असे, पण तिच्याकडून शिकायचे राहून गेले.

दहिवडीची सून

हुलगे खमंग भाजून बारीक दळून आणावेत. दोन चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे आणि उकळत्या पाण्यात हळूहळू सोडून ढवळत राहावे. त्यात ठेचलेला लसूण, जिरे, मीठ आणि आवडत असल्यास गूळ घालून चांगले शिजू द्यावे. निवल्यावर ते दाट होते, म्हणून उशिरा येणाऱ्या माणसासाठी थोडे गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी आणावी.