जॅकार्डचा प्रोग्रॅम खुला करायचाय, लायसन्स आणि बाकीच्या फायली कशा लावायच्या?

अक्कलकोट_रोड:
चादरीच्या नक्षीचं चित्र घेऊन जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रणेच्या) पंचकार्डांचा आराखडा काढणारा पायथन प्रोग्रॅम गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकलाय. सोबत सोलापुरातल्या कारखान्यांच्या काही नक्ष्या आणि एक देवनागरी फॉन्ट आहे. रीडमीच्या (प्रोग्रॅमची ओळख देणाऱ्या फाइलच्या) तळाला ‘कोणीही वापरा’ असं लिहिलंय. तेवढं पुरे का? एमआयटी लायसन्स घ्यावं की जीपीएल?

पूर्वभाग:
पुरे नाही. ‘वापरा’ म्हणजे बदलून विकायलाही मुभा आहे का, हे त्यातून कळत नाही. रेपोच्या (गिटहबवरच्या तुमच्या प्रकल्पाच्या फोल्डरच्या) सगळ्यात वरच्या पातळीवर ‘लायसन्स’ (LICENSE) नावाची फाइल करा. गिटहबवर नवीन फाइलला हे नाव दिलं की टेम्प्लेट निवडायचं बटण येतं. वर्ष आणि नाव भरा, बाकी मजकुराला हात लावू नका. मनाची अट घुसवली की गिटहबला लायसन्स ओळखता येत नाही आणि रेपोच्या पानावर त्याचं नाव दिसत नाही.

तुमचा कोड सुधारून कुणी बंद सॉफ्टवेअर म्हणून विकला तर चालेल? चालत असेल तर एमआयटी, नाहीतर जीपीएल 3. पेटंटचा स्पष्ट परवाना हवा असेल तर अपाची 2.0 बघा.

सात_रस्ता:
त्याआधी नक्ष्यांचं बघा! कोड तुमचा, नक्षी कारखानदाराची. लेखी परवानगी नसेल ती काढाच. नुसती डिलीट केली तर गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) इतिहासात राहते. ‘गिट फिल्टर-रेपो’ (git filter-repo, इतिहासातून फाइल काढणारं साधन) चालवून फोर्स पुश करावं, म्हणजे गिटहबवरचा जुना इतिहास बदलून टाकावा लागतो. तोवर कुणी फोर्क केला (स्वतःच्या खात्यात प्रत घेतली) असेल तर तिथली प्रत तशीच राहते, म्हणून उशीर नको. परवानगी असलेल्या नक्ष्या वेगळ्या फोल्डरमध्ये, सीसी बाय 4.0 (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारं लायसन्स) खाली ठेवा, मालकाला ते मान्य आहे हे लेखी घेऊन. फॉन्ट ओएफएलचा (फॉन्टसाठीच्या खुल्या लायसन्सचा) असेल तर त्याच्या लायसन्सचा मजकूर फॉन्टसोबतच हवा.

आणखी एक: नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते (कॉपीराइट कायदा 1957, कलम 17). तुम्ही किंवा मदत करणारे नोकरीत असाल तर आधी विचारून घ्या.

पूर्वभाग:
बरोबर. आता ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ (CONTRIBUTING) फाइल, म्हणजे मदत करणाऱ्यांसाठी सूचना: प्रोग्रॅम कसा चालवायचा, टेस्ट कशा लावायच्या, बगसोबत नक्षीची कोणती फाइल जोडायची, एवढं लिहा. मराठीत लिहाच, जमलं तर तेलुगूतही. आपल्याकडे विणकामातली कितीतरी माणसं घरी तेलुगू बोलतात. आचारसंहितेला कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट (तयार मसुदा) घ्या, पण त्यातली संपर्काची रिकामी जागा भरा. ती तशीच राहिली तर तक्रार पोचणार कुठे?

अक्कलकोट_रोड:
या फायली प्रत्येक रेपोत टाकायच्या?

सात_रस्ता:
नाही. ‘.गिटहब’ (.github) नावाच्या पब्लिक रेपोत एकदा ठेवल्या की तुमच्या बाकीच्या रेपोंना आपोआप लागू होतात. लायसन्स मात्र असं चालत नाही, ते प्रत्येक रेपोत स्वतंत्र टाकावं लागतं.