कोल्हापुरातून अमेरिकेचा टॅक्स: मुदतवाढ कशी मिळते?

प्रश्न: आईच्या आजारपणामुळे डिसेंबरात अमेरिका सोडून राजारामपुरीत परतलो. जुन्या कंपनीचा डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद) अजून आलेला नाही आणि रिटर्न भरायची १५ एप्रिलची मुदत तोंडावर आलीय. दंडाच्या धास्तीनं झोप लागत नाही.

उत्तर: १५ एप्रिलच्या आत मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ ऑनलाइन भरा, कारण विचारत नाहीत. रिटर्नला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. पण दादा, पैशांना मुदतवाढ नाही! शेवटच्या पे-स्लिपवरून अंदाज काढून बाकी आत्ताच भरा.

उत्तर: सगळे पैसे जमले नाहीत तरी फॉर्म चुकवू नका. मी चुकवला होता. २,००० डॉलर टॅक्स बाकी, एक महिना उशीर. महिन्याला ५ टक्क्यांनी १०० डॉलर दंडात गेले, व्याज वेगळं. मुदतवाढ घेतली असती तर महिन्याला अर्धाच टक्का लागला असता.

प्रश्नकर्ता: पे-स्लिप मेलमध्ये सापडली. आई झोपली की आज रात्रीच भरतो.