विलगीकरण आणि अलगीकरण: एकच की दोन?

प्रश्न: नववीच्या मुलांसाठी १९१८च्या इन्फ्लुएंझावर टिपण लिहिते आहे, उदाहरण प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांचं. आजाऱ्याला वेगळं ठेवणं आणि धडधाकट दिसणाऱ्या, पण संपर्कात आलेल्याला वेगळं ठेवणं, यांना दोन शब्द हवेत. करोनात दोन्हींना 'विलगीकरण'च ऐकलं.

— 'अलगीकरण' हाही शब्द तेव्हा वापरात होता, पण बोलण्यात दोन्हींची सरमिसळ झाली. आजाऱ्याचं विलगीकरण, संशयिताचं अलगीकरण, असं ठरवून टाका. फक्त दोन्ही शब्द कानाला इतके सारखे लागतात की मुलं परीक्षेत हमखास उलटे लिहितील. मी 'क्वारंटाइन'च ठेवेन. तो व्हेनिसच्या बोलीतल्या 'चाळीस दिवस' या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे मुदत शब्दातच आहे.

— मुदत आता चाळीसची नसते. ती रोगाच्या अधिशयन काळावर, म्हणजे जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळावर, ठरते. फ्लूचा हा काळ साधारण १ ते ४ दिवसांचा, म्हणून त्याचं क्वारंटाइन लहान. टिपणात हे हवंच, नाहीतर दोन शब्द कशाला, हे मुलांना कळणार नाही.

— सामोआचं उदाहरण यासाठी उत्तम. ७ नोव्हेंबर १९१८ला ऑकलंडहून आलेलं 'तालुने' जहाज पश्चिम सामोआतल्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती, तरी तिथल्या न्यूझीलंडच्या प्रशासनाने प्रवाशांना उतरू दिलं. पश्चिम सामोआतले सुमारे ८,५०० लोक, म्हणजे पाचातला एकाहून जास्त, त्या साथीत गेले. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी क्वारंटाइन कडक पाळलं आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही.

प्रश्नकर्ती: मी लिहिलं होतं, 'प्रतिकारशक्ती नसल्याने मूलनिवासी साथीला सहज बळी पडले.' चालेल?

— अजिबात नाही. दोन्हीकडे सामोअनच लोक होते. प्रतिकारशक्ती हेच एकमेव कारण असतं, तर निकाल इतका वेगळा लागला नसता. 'बळी पडले' म्हटलं की बंदराचा निर्णय घेणारा वाक्यातून गायबच होतो. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२मध्ये सामोआची माफी मागितली, ती या कारभारासाठीही होती.

— शिवाय 'मूलनिवासी' आपल्याकडे राजकीय अर्थाने रुळलाय. एका समाजाबद्दल बोलताना त्याचं नावच घ्या, सामोअन. अनेक देशांतल्या अशा समाजांबद्दल एकत्र लिहायचं असेल तर 'आदिम' मात्र टाळा, त्यात मागासपणाचा वास येतो.

प्रश्नकर्ती: मग असं: 'जहाजाला क्वारंटाइन न केल्याने पश्चिम सामोआत साथ शिरली.' 'अधिशयन' जड नाही ना होत?

— होतो, पण पाठ्यपुस्तकी शब्द आहे. पहिल्यांदा येईल तिथे 'जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ' एवढं जोडा, पुढे नुसता वापरा.